आठ काचांवरची रेघ

निहार पहिल्यांदा माझ्या खोलीत आला तो दार चुकून. त्याला जायचं होतं शेजारच्या शीतखोलीत. हातात ट्रे, ट्रेमध्ये प्लास्टिकच्या चौकोनी डब्या, प्रत्येक डबीत उंदराच्या यकृताचा नखाएवढा तुकडा, आणि ट्रेच्या एका कोपऱ्यातून फॉर्मॅलिन टिपकत होतं, माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

"सॉरी मॅडम... शीतखोली कुठे आहे?"

"शीतखोली पुढच्या दाराला. आणि फडकं तुमच्या मागे, खिळ्याला."

त्याने मुकाट्याने ट्रे ठेवला, फडकं घेतलं आणि उकिडवा बसून फरशी पुसायला लागला. पीएचडी करणारी मुलं सहसा असं करत नाहीत. ती "हो मॅडम" म्हणतात आणि निघून जातात. मी सहज ट्रेमध्ये डोकावले, तर प्रत्येक डबीवर निळ्या बॉलपेनने नंबर. काय सुरेख अक्षर!

"हे कोणी लिहिलं?"

"मी. का... बरं नाही आलं?"

"अक्षर झकास आहे. उद्या सकाळपर्यंत एक नंबर शिल्लक राहणार नाही. आधी अल्कोहोल, मग झायलीन, मग गरम मेण, यातून जातात या डब्या. पेन धुऊन निघतं. मग बसा शोधत कुठला उंदीर कुठला ते. इथे पेन्सिलीने लिहायचं असतं."

"पण पेन्सिल तर खोडली जाते ना?"

"बाहेर जात असेल. इथे उलटं आहे. इथे पेन्सिलच टिकते."

तो उभा राहिला. उंच होता, चष्म्याच्या एका काडीला पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, आणि माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याला नोकरी दिली. मग खिसे चाचपले. पेन्सिल नव्हती. मी माझी दिली. ती बरेच महिने परत आली नाही.

मी श्रुतिका. राहायला नाहूरला, कामाला मुलुंडच्या एका संशोधन संस्थेत. यकृताचे, मूत्रपिंडाचे, कशाकशाचे तुकडे मेणात बसवायचे, मशीनवर केसाहून पातळ कापायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, ब्रशने अलगद काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. सात वर्षं हेच करतेय. माझी बोटं कायम गुलाबी असतात आणि माझी नजर, असं आमचे श्यामसुंदर सर सगळ्यांना सांगतात, चुकत नाही. मला या गोष्टीचा गर्व होता. होता असं मुद्दाम म्हणतेय, पुढे कळेल.

निहार बोरीवलीहून दोन बस बदलून यायचा. तरी सकाळी साडेनऊला माझ्या दारावर दोन बोटांनी हळूच टकटक व्हायची. काम असो की नसो.

"आज काय बिघडलं?"

"काही नाही. पेन्सिलीला टोक करायचं होतं."

"तुमच्या लॅबमध्ये शार्पनर नाही?"

"आहे ना. पण तिथे... तुम्ही नाही."

असं काहीतरी बोलायचा आणि स्वतःच कानापर्यंत लाल व्हायचा. दोन आठवड्यांत 'मॅडम' गळून पडलं, महिन्याभरात 'तुम्ही' गेलं. दुपारी माझ्या डब्यातले घावणे खाताना तो मला त्याचं काम समजावून सांगायचा. तेही असं, की मला ते कापताना दिसायला लागलं.

"यकृताच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एक प्रकारची कडी असते बघ. रिसेप्टर. बाहेरून कोणी ती वाजवली की पेशी आतल्या आत आवरायला घेते. दिवे मालवते, भांडी पालथी घालते आणि गुपचूप मरते. म्हणून त्यांना डेथ रिसेप्टर म्हणतात."

"कोण वाजवतं?"

"बहुतेक वेळा आपल्याच शरीरातल्या राखणदार पेशी. एखादी पेशी बिघडलेली दिसली की."

"मग चांगलंच आहे की."

"थोडक्यावर थांबलं तर चांगलं. पण कावीळ झाली, गोळ्यांचा ओव्हरडोस झाला की सगळ्या कड्या एकदम वाजतात. अख्खी वस्ती झोपते. माणूस जातो गं त्यात." मग जरा थांबून, "पण गंमत माहितीये? तीच कडी आधी हळू वाजवली, अगदी हळू, तर पेशी मरत नाही. उलट सावध होते. नंतर मोठा घाव आला तरी तग धरते. निदान आम्हाला तसं वाटतंय."

"म्हणून तू माझं दार दोन बोटांनी वाजवतोस होय?"

त्याने घावणा तसाच हातात धरला. चष्म्याआडून एकदा बघितलं... आणि पटकन खाली बघितलं. त्या दिवशी मी एकोणतीस वर्षांची बाई, रंगाच्या भांड्यात काचा उलट्या क्रमाने बुडवल्या. सगळ्या फुकट गेल्या.

आणि मग रुचिरा आली.

डॉक्टर रुचिरा. अंधेरीची. पॅथॉलॉजीत एमडी, वर्षभराच्या प्रकल्पावर आलेली. सुती साड्या नेसायची आणि त्या संध्याकाळपर्यंत चुरगळायच्या नाहीत. 'आम्हाला वाटतंय' मधली दुसरी व्यक्ती तीच होती, ती इथे यायच्या आधीपासून दोघांचं ईमेलवर बोलणं चालू होतं, हे मला उशिरा कळलं. हळू कडी वाजवायची कल्पनाच मुळी तिची! मी मात्र इतके दिवस समजत होते की ती निहारला माझ्या टेबलाशी बसून सुचली.

खरं सांगते, तिने माझं काही वाईट केलं नव्हतं. 'श्रुतिका, काय सुंदर काचा करतेस गं' असं पहिल्याच दिवशी म्हणाली. तेच मला झोंबलं. मला तिच्याकडून शाबासकी नको होती. मला ती अंधेरीला परत जायला हवी होती.

ती आणि निहार दिवसभर एकत्र. एकाच संगणकाकडे दोन डोकी. ती इंग्रजीत काहीतरी म्हणायची, तो हसायचा. मी त्या विनोदांवर हसू शकले नसते, कारण ते माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर संपलेले असायचे. माझ्या दारावरची टकटक साडेनऊची दहाला गेली, मग कधी अकराला, मग एखाद्या दिवशी नाहीच.

एक दिवस दुपारी मी कॅन्टीनमध्ये गेले तर माझाच स्टीलचा डबा टेबलावर उघडा. सकाळी निहारला दिलेला. आणि रुचिरा घावणा तोडून तोंडात टाकतेय.

"ओ माय गॉड, किती मऊ आहेत! श्रुतिका, तुझ्या आईने केलेत?"

"हो," मी म्हणाले. "आवडले ना? खा."

अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आईने पहाटे उठून भिड्याचा तवा तापवायचा, मी घावणे फडक्यात बांधून आणायचे, आणि खाणार कोण? निहार बावळटासारखा म्हणतो कसा, "तिला मी म्हटलं, एकदा खाऊन तर बघ!"

मी खोलीत परत आले तेव्हा मशीनमधल्या पात्याला एके ठिकाणी बारीक दाता पडल्याचं दिसलं. अशा पात्याने कापलं की प्रत्येक चकतीवर एक सरळ रेघ उमटते. मी अशा वेळी नवं पातं लावल्याशिवाय पुढे जात नाही. सात वर्षांत कधी गेले नव्हते. पण नवं पातं स्टोअरमधून आणायचं, म्हणजे कॅन्टीनसमोरून जायचं. ते दोघं तिथे बसलेले. नाही गेले.

तेवढ्यात रुचिराच ट्रे घेऊन आली. आठ ब्लॉक, मेणात बसवलेले तुकडे. दोन्ही हातांनी जपून धरलेला ट्रे, चेहऱ्यावर काळजी.

"हे आठ फार महत्त्वाचे आहेत गं. नीट काप हं."

मला वेगळं सांगायला कशाला हवं होतं? ट्रे तिच्या हातात, म्हणजे उंदीर तिचे. तिच्या कल्पनेचे. आधी हळू इशारा दिलेले, मग घाव घातलेले. मी तिच्याकडे न बघता मान हलवली आणि त्याच दात्याच्या पात्याने आठही कापले. आठही चकत्यांवर, उजव्या कडेपासून जरा आत, बारीक उभी रेघ आली.

आमच्याकडे काचा तपासायची एक रीत आहे. तपासणाऱ्याला कुठली काच कुठल्या गटातली, आधी इशारा दिलेल्या उंदरांची की फक्त घाव घातलेल्यांची, हे कळता कामा नये. म्हणून स्टोअरचे अंबादासभाऊ प्रत्येक नंबरावर चिकटपट्टी लावतात, वर स्वतःचे आकडे घालतात आणि खरी यादी कपाटात कुलूपबंद ठेवतात. मग दोघं जण वेगवेगळे बसून प्रत्येक काचेला शून्य ते चार गुण देतात. जितक्या जास्त मेलेल्या पेशी, तितके जास्त गुण. दोघांची सरासरी काढायची. या वेळी एक तपासणारी रुचिरा होती. दुसरी मी. माझं नाव निहारने सुचवलं होतं. आजवर कुठल्या टेक्निशियनला हा मान मिळाला नव्हता, आणि पेपरवर माझं नाव येणार असं सरांनी सांगितलं होतं.

जी बाई काचा कापते तिने त्या तपासायला बसू नये, हे खरं तर कोणाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं. कोणाच्याच आलं नाही.

चोवीस काचा. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तिसऱ्याच काचेवर उजव्या कडेपासून जरा आत... रेघ.

अंबादासभाऊंनी चिकटपट्टी नंबरावर लावली होती. रेघेवर कशी लावणार?

मी त्या काचेकडे बराच वेळ बघत होते. मेलेल्या पेशी ओळखायला सोप्या असतात. आक्रसलेल्या, भडक गुलाबी, आतला जांभळा ठिपका फुटून चुरा झालेला. मोजल्या. प्रामाणिकपणे तीन गुण. आणि मला कॅन्टीनमधला तो घावणा आठवला, तिच्या बोटांत धरलेला.

चार लिहिले.

मग दुसरी रेघेची काच आली. दोन होते, तीन लिहिले. असं करत आठही काचांना एकेक गुण वाढवला. तिची कल्पना फसू दे. हळू इशाऱ्याने काही वाचत नाही असं सिद्ध होऊ दे. जाऊ दे तिला अंधेरीला.

त्या दिवशी घरी जाऊन मी धड जेवले नाही. आईने विचारलं, "तोंड कित्याक पाडलंस गो? कोण काय बोललो?"

"कोणी नाही."

"मगे जेव. नायतर खरा काय ता सांग."

मी जेवले.

दोन दिवसांनी मी खिडकीतून बघितलं तर निहार आणि रुचिरा गेटजवळच्या सोनचाफ्याखाली उभे. ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती, तो मान हलवत होता. मग तिने त्याच्या बाहीला हात लावला. त्याने तो झटकला नाही. पंधरा मिनिटं! मी घड्याळ लावून बघितलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा तापलेला होता, आणि मला बघून हसला, नेहमीसारखा. मला वाटलं, झालं. ठरलं यांचं. आपण आपलं मेण वितळवत बसायचं.

निकालाच्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये सगळे जमलो. अंबादासभाऊंनी कुलूप काढलं, यादी वाचली, निहारने आकडे भरले. पडद्यावर दोन उभे खांब उमटले. एक उंच, एक त्याच्या निम्म्याने बुटका.

"अरे!" सर खुर्चीतून उठले. "एवढा फरक?"

रुचिराने तोंडावर हात ठेवला. निहार माझ्याकडे बघून हसत होता. आणि मला काही कळेना. माझ्या हिशेबाने तिचा खांब उंच व्हायला हवा होता. तिचा तर बुटका होता! तिच्या कल्पनेने अर्ध्या पेशी वाचवल्या होत्या!

मी यादी हातात घेतली. माझ्या आठ काचा शोधल्या. आठच्या आठ... 'फक्त घाव' गटात. इशारा न दिलेले उंदीर. ते रुचिराचे नव्हतेच. त्या दुपारी निहारला सरांनी बोलावलं होतं म्हणून ती त्याचा ट्रे आणून देत होती, बस.

म्हणजे मी ज्यांचे गुण वाढवले त्यांच्यामुळे तिचे उंदीर आणखीच ठणठणीत दिसत होते. घाव घालायला गेले आणि तिलाच वाचवून आले.

पेढे आले. सरांनी सांगितलं, हैदराबादच्या परिषदेत निहार आणि रुचिरा हे मांडतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. पेपरवर नाव येणार होतं माझं. आई-बाबांनी ते फ्रेम करून लावलं असतं. फक्त तो उंच खांब खोटा होता, आणि तो निहार हजार लोकांपुढे खरा म्हणून दाखवणार होता. त्यावरून उद्या कुणी औषध करायला घेईल. माणूस जातो गं त्यात, असं मला याच मुलाने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला दोन बोटांची टकटक झाली. कितीतरी दिवसांनी.

"चल, खाली चहा पिऊ," तो म्हणाला. "सेलिब्रेशन. फक्त आपण दोघं."

"निहार, दार लाव."

"अरे वा! एकदम दार?"

"मस्करी नको करूस. लाव."

त्याने लावलं. मी रेघेची एक काच उजेडात धरली.

"ही दिसतेय? आठ काचांवर आहे. पात्याला दाता होता. मला माहीत होतं कुठल्या त्या. बघताक्षणी ओळखल्या मी."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आणि मी त्यांना एकेक गुण जास्त दिला. मुद्दाम."

"मुद्दाम? ...का?"

"मला वाटलं ते रुचिराचे आहेत."

"मग?"

"मग काय मग? मला ती आवडत नाही!"

"का आवडत नाही? काय केलं तिने तुला?"

"माझे घावणे खाल्ले!"

हे असं बाहेर पडलं. सात वर्षांची नोकरी, सरांचा विश्वास, एका मुलाची पीएचडी पणाला लागलेली, आणि मी घावण्यांवर रडत होते. "तुला दिलेले होते ते. तुला, कळतंय? मी रोज कोणाला डबा आणते का? टकटक व्हायची थांबली तेव्हा मी घड्याळाकडे बघत बसायचे. तुला साधं कळलंही नाही. आणि त्या दिवशी झाडाखाली पंधरा मिनिटं ती तुझा हात धरून..."

"झाडाखाली?" तो एकदम मधेच म्हणाला. "श्रुतिका, झाडाखाली आम्ही भांडत होतो. तिच्या लक्षात आलं होतं. आठ काचांवर तुझा आकडा तिच्याहून बरोब्बर एकाने जास्त येतोय. ती म्हणत होती, पुन्हा बघू दोघींनी मिळून. मी तिलाच म्हणालो, गरज नाही. तुझी चूक झाली असेल, श्रुतिकाची नजर चुकत नाही. चिडून बोललो मी तिला. तुझ्यावरून."

मी हातातली काच टेबलावर ठेवली.

"ती बरोबर होती," तो म्हणाला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मी तुझ्यावर डोळे मिटून..." वाक्य अर्धंच टाकून तो निघाला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सरांकडे मी स्वतः गेले. निहारने सांगायच्या आधी. सगळं सांगितलं, घावणे वगळून. सरांनी पेपरवेट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तुझं नाव पेपरमधून जाईल. हैदराबादही रद्द. ब्लॉक पुन्हा कापायचे, पण तू नाही. चेतना कापेल." चेतना म्हणजे माझ्या हाताखालची नवीन मुलगी, जिला मीच ब्रश धरायला शिकवला. "आणि तपासायला बाहेरून कोणीतरी बोलवू."

"बाहेरून कशाला, सर?"

दारात रुचिरा उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"श्रुतिकाच बघू दे. तिच्यासारखी नजर आपल्याकडे कोणाची नाही. फक्त या वेळी तिला खरंच कळायला नको, कुठली कुठली आहे ते."

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. "मॅडम... सॉरी. मला वाटलं होतं तुमचं आणि निहारचं..."

"मला आवडतो तो," रुचिरा सरळ म्हणाली. "खोटं कशाला बोलू? त्यालाही सांगितलंय मी. त्याने नाही म्हटलं." साडीचा पदर खांद्यावर नीट केला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिची साडी चुरगळलेली दिसली मला. "तेव्हा जळायला तुझ्याकडे कारण होतं गं. पण माझ्यावर जळायचं होतंस. काचांवर कशाला?"

ती गेली. मी जिन्यातच बसले. आणि लाज वाटत असतानाच, त्याने नाही म्हटलं एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. मी मुळीच चांगली बाई नाही.

पुढचे नऊ दिवस टकटक झाली नाही. निहार जिन्यात भेटायचा, मान हलवायचा, जायचा. आई घावणे बांधून द्यायची. मी चेतनाला द्यायचे. ती म्हणायची, "ताई, तू पण खा ना," आणि मी म्हणायचे, मला नको.

दहाव्या दिवशी अंबादासभाऊंनी नवा ट्रे आणला. चोवीस काचा. चेतनाने त्या माझ्यापेक्षा जाड कापल्या होत्या, पण एकाही काचेवर रेघ नव्हती. चिकटपट्ट्या दुहेरी लावलेल्या. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. कोणाचे उंदीर, कोणाची कल्पना, काही कळायला मार्ग नव्हता. नुसत्या पेशी होत्या. काही आक्रसून भडक झालेल्या, काही घाव सोसूनही गोल, टवटवीत. मी मोजत राहिले. दोन. तीन. एक. तीन. कितीतरी दिवसांनी माझं डोकं शांत होतं.

निकाल आला तेव्हा मी केबिनमध्ये गेले नाही. चेतना धावत सांगायला आली. "ताई, फरक आहे! मागच्याएवढा नाही, पण आहे. सर म्हणाले, लहान आहे पण खरा आहे."

मग रडू आलं. चेतना घाबरून पाणी आणायला गेली.

तेवढ्यात अंबादासभाऊ डोकावले. "श्रुतिकाताई, एक काच राहिली तुमची." टेबलावर ठेवली आणि मिशीतल्या मिशीत हसत निघून गेले.

उजेडात धरली. कोरी. काहीच नव्हतं तिच्यावर, ना चकती, ना रंग. चेतनाची चूक असणार, असं म्हणून मी ती टाकायला निघाले... आणि टोकाच्या खरबरीत पट्टीवर नजर गेली. नंबर लिहितो त्या पट्टीवर. पेन्सिलीने, एवढ्याशा सुरेख अक्षरात लिहिलं होतं,

'रागावलोय. पण तुझाच आहे.'

मागे टकटक झाली. दार उघडंच होतं तरी. दोन बोटांची.

मी वळले नाही. काच चिमट्यात धरली आणि अल्कोहोलमध्ये बुडवली. मग दुसऱ्या अल्कोहोलमध्ये.

"अगं... काय करतेस?"

"तपासतेय."

झायलीनमध्ये बुडवली. एक मिनिट ठेवली. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. मग वितळलेल्या मेणात घातली, पुन्हा झायलीन, पुन्हा अल्कोहोल, शेवटी नळाखाली धरली. माझ्याकडे जे जे काही होतं त्या सगळ्यातून तिला काढलं.

"गेलं?" त्याने विचारलं.

मी काच खिडकीशी नेली. अक्षरं जशीच्या तशी होती.

"माझी पेन्सिल दे," मी म्हणाले.

त्याने वरच्या खिशातून काढली. झिजून बोटभर उरली होती. मी एक कोरी काच घेतली. पेन्सिल एवढीशी म्हणून अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याने वाचलं. कान लाल झाले. "एवढंच?"

"पट्टी लहान आहे रे."

तिच्यावर लिहिलं होतं, 'मी जळतच राहणार. चालेल?'

तो काच घेऊन माझ्या भांड्यांपाशी गेला, आणि मला न विचारता अल्कोहोलमध्ये बुडवली.